वडिलांना लहान वयात मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मुलाने कोलोनोस्कोपी केव्हा करावी?

प्रश्नकर्ते ३८ वर्षांचे आहेत, बँकेत नोकरी करतात आणि त्यांना सध्या पोटाची कोणतीही तक्रार नाही. त्यांच्या वडिलांना ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचा कर्करोग झाला आणि पुढे त्यातच त्यांचे निधन झाले. आत्याची ५१व्या वर्षी गर्भाशयाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली आणि ती आज बरी आहे. आजोबा ‘पोटाच्या विकाराने’ गेले, याहून अधिक काही घरात कोणाला ठाऊक नाही. ‘कोलोनोस्कोपीने मृत्यू कमी होत नाहीत’ अशी बातमी त्यांनी २०२२मध्ये वाचली होती. त्यामुळे ही तपासणी (म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहणे) करावी का, करायची तर आता की पन्नाशीनंतर, शौचाच्या किंवा रक्ताच्या चाचणीवर भागेल का, आणि ॲस्पिरिन घेतल्याने धोका कमी होतो हे खरे का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. पन्नाशीची वाट पाहू नका. कोलोनोस्कोपी याच वर्षी करून घ्या. मात्र तुमच्या कुटुंबाचा इतिहास पाहता त्याच्या बरोबरीने, किंबहुना शक्य असेल तर त्याच्याही आधी, तुमच्या आत्याची जनुकीय तपासणी व्हायला हवी, कारण तुमची कोलोनोस्कोपी एकदाच करायची, पाच वर्षांनी पुन्हा करायची की दर एक-दोन वर्षांनी करायची, हे त्या तपासणीवर ठरणार आहे. ज्या बातमीने तुम्हाला थांबवले, ती ज्या संशोधनावर आधारलेली होती ते संशोधन उत्तम प्रतीचे आहे. पण त्याने विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि तुमचा प्रश्न वेगळा आहे.

ते संशोधन ‘नॉर्डआयसीसी’ या नावाने ओळखले जाते आणि त्याचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२२मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांच्या लोकसंख्या-नोंदवह्यांमधून ५५ ते ६४ वर्षे वयाचे ८४,५८५ लोक घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांची विभागणी करण्यात आली. २८,२२० जणांना एकदा कोलोनोस्कोपी करून घेण्याचे निमंत्रण पाठवले गेले आणि उरलेल्यांना काहीच कळवले गेले नाही. दहा वर्षांनंतर पाहिले, तेव्हा निमंत्रितांपैकी ०.९८ टक्के लोकांना आणि निमंत्रण नसलेल्यांपैकी १.२० टक्के लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झालेला होता, म्हणजे निमंत्रणामुळे हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटले. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र ०.२८ टक्के आणि ०.३१ टक्के असे होते, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. बातम्यांनी हा शेवटचा आकडा तेवढा उचलला.

ज्यांना निमंत्रण गेले त्यांच्यापैकी प्रत्यक्ष तपासणी किती जणांनी करून घेतली, हे त्या बातम्यांच्या मथळ्यांत नव्हते. ते प्रमाण अवघे ४२ टक्के होते. नॉर्वेमध्ये सुमारे ६० टक्के, तर पोलंडमध्ये ३३ टक्के. असे असूनही निमंत्रण मिळालेल्या सर्वांची गणना तपासणीच्या गटातच केली गेली, आणि ते योग्यही होते, कारण एखाद्या देशाच्या सरकारने अशी निमंत्रणे पाठवावीत का, हा संशोधकांचा प्रश्न होता, आणि सरकारच्या हाती निमंत्रण पाठवणे तेवढेच असते. परंतु ज्या माणसाला तपासणीच्या टेबलावर झोपायचे की नाही हे ठरवायचे आहे, त्याला तपासणी न केलेल्या ५८ टक्क्यांचा हिशेब लागू पडत नाही. संशोधकांनी निमंत्रित सगळे आले असते तर काय झाले असते याचाही अंदाज मांडला आहे. त्यात कर्करोगाचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी आणि त्याने होणारे मृत्यू निम्म्याने घटलेले दिसतात. हा अंदाज मूळ तुलनेइतका भक्कम मानता येत नाही, कारण जे लोक बोलावल्यावर तपासणीला येतात ते एरवीही प्रकृतीची काळजी घेणारे असतात आणि आकडेमोडीने तो फरक पुरता पुसला जात नाही. तरीही खरा परिणाम मूळ तुलनेतील आणि या अंदाजातील आकड्यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, असे मी मानतो.

दुसरी गोष्ट काळाची. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणारी छोटी गाठ, काढून टाकल्याचा लाभ पुढे अनेक वर्षांनी दिसू लागतो, कारण जो कर्करोग टळला तो एरवी आठ-दहा वर्षांनी झाला असता आणि त्याने मृत्यू आणखी काही वर्षांनी ओढवला असता. उलट तपासणीच्या पहिल्या फेरीत आधीपासून दडून बसलेले कर्करोग सापडतात आणि सुरुवातीची काही वर्षे तपासणीच्या गटातच रुग्ण जास्त दिसतात. म्हणून मृत्यूंबाबत दहा वर्षांच्या आकड्यांवर शेवटचा निर्णय देणे घाईचे ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे, हे लोक कुटुंबाचा इतिहास पाहून निवडलेले नव्हते आणि सगळे पंचावन्नच्या पुढचे होते. ४६व्या वर्षी कर्करोग झालेल्या माणसाच्या ३८ वर्षांच्या मुलाविषयी हे संशोधन काहीच सांगत नाही, आणि तसा दावा संशोधकांनी केलेलाही नाही.

आतड्याच्या आत पाहून पॉलिप काढल्याने कर्करोग टळतो, याचा पुरावा एका संशोधनावर अवलंबून नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी अडिनोमा नावाची छोटी गाठ येते, तिच्या पेशींच्या जनुकांमध्ये एकामागून एक बदल होत जातात आणि काही गाठी वर्षानुवर्षांनी कर्करोगात रूपांतरित होतात. हा क्रम एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९०मध्ये मांडला आणि लगेच पुढच्या वर्षी त्यातील बहुधा पहिली पायरी असणारे एपीसी हे जनुक शोधले गेले. १९९३मध्ये सिडनी विनावर यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की अडिनोमा काढून टाकलेल्या १,४१८ लोकांमध्ये नंतरच्या वर्षांत अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी कर्करोग झाले. त्या अभ्यासातील तुलना जुन्या नोंदींशी केलेली होती, त्यामुळे ते आकडे थोडे फुगलेले असू शकतात. परंतु ब्रिटनमध्ये वेंडी ॲटकिन यांनी ५५ ते ६४ वयाच्या सुमारे १,७०,००० लोकांवर केलेल्या संशोधनात चिठ्ठी टाकूनच विभागणी केलेली होती, आणि त्यात आतड्याचा केवळ डावा-खालचा भाग आयुष्यात एकदाच दुर्बिणीने पाहिला गेला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार निमंत्रितांमध्ये कर्करोग २३ टक्क्यांनी आणि त्याने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. माझ्या मते या विषयातील सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे.

आता तुमच्या कुटुंबाकडे वळू. ज्याच्या आईवडील, भाऊबहीण किंवा अपत्य यांपैकी एकाला हा कर्करोग झालेला असेल, त्याचा स्वतःचा धोका इतरांच्या तुलनेत साधारण दुप्पट धरला जातो, आणि नातेवाइकाला तो जितक्या लहान वयात झाला तितका हा धोका वाढतो. म्हणूनच अशा व्यक्तींनी ४०व्या वर्षी, किंवा कुटुंबातील सर्वांत लहान वयात रोग झालेल्या नातेवाइकाच्या त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी, आणि नातेवाइकाला साठीच्या आत रोग झाला असेल तर दर पाच वर्षांनी ती पुन्हा करावी, असा अमेरिकेतील पचनसंस्था-तज्ज्ञांच्या संघटनांचा संयुक्त सल्ला आहे. तुमच्या वडिलांना ४६व्या वर्षी कर्करोग झाला. त्या हिशेबाने तुमची वेळ ३६व्या वर्षीच येऊन गेली. आपल्याकडे या कर्करोगाचे एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे, आणि शासनाच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. सरसकट सर्वांची कोलोनोस्कोपी करणे भारतात आज योग्य ठरणार नाही, असेच मलाही वाटते. पण ज्या घरात हा रोग पन्नाशीच्या आत शिरला आहे, त्या घराला देशाच्या सरासरीचा आधार घेता येत नाही.

माझी खरी चिंता याही पुढची आहे. वडिलांचा कर्करोग लहान वयातला आणि उजव्या बाजूचा, त्यांच्या सख्ख्या बहिणीला गर्भाशयाचा कर्करोग, आणि आजोबांचा पोटाच्या विकाराने झालेला, निदान न झालेला मृत्यू, हे तिन्ही धागे एकत्र पाहिले की ‘लिंच सिंड्रोम’ या आनुवंशिक विकाराचा विचार करावाच लागतो.

या विकाराचा शोध शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५मध्ये त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आमच्या घरातले सगळे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात आणि मीही तशीच जाणार. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाची वंशावळ जमवून १९१३मध्ये ती ‘कुटुंब जी’ या नावाने प्रसिद्ध केली. कर्करोग वंशपरंपरेने येऊ शकतो हे मानायला त्या काळी कोणी फारसे तयार नव्हते, आणि १९६०च्या दशकात नेब्रास्कातील हेन्री लिंच यांनी तशीच आणखी कुटुंबे दाखवेपर्यंत हा विषय मागेच पडला होता. जनुके सापडली ती १९९३पासून पुढे. आणि ‘कुटुंब जी’मधील दोष एमएसएच२ या जनुकात आहे, हे २०००मध्ये सिद्ध झाले. एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने घरातील मृत्यू लक्षात ठेवले आणि ते योग्य माणसाला सांगितले, तेथून हे सारे सुरू झाले. कुटुंबाचा इतिहास नीट विचारण्याचे आणि नीट सांगण्याचे महत्त्व मला याहून चांगले समजावता येणार नाही.

हा विकार घडतो कसा, हेही पाहू. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल तयार होते आणि त्या नकलेत काही चुका राहतात. त्या शोधून दुरुस्त करणारी प्रथिने एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार जनुकांवरून तयार होतात. यांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असेल आणि आयुष्यात एखाद्या पेशीतील दुसरी प्रतही बिघडली, तर त्या पेशीत चुका साचत जातात आणि कर्करोग होण्याचा वेग वाढतो. एरवी अडिनोमापासून कर्करोगापर्यंतचा जो प्रवास दहा वर्षांचा असतो, तो येथे दोन-तीन वर्षांतही पुरा होऊ शकतो. सदोष प्रत आईकडून किंवा वडिलांकडून, मुलाला किंवा मुलीला, प्रत्येक वेळी ५० टक्के शक्यतेने मिळते. धोका जनुकानुसार बदलतो. एमएलएच१ आणि एमएसएच२ यांत दोष असेल, तर आयुष्यभरात मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते, तर पीएमएस२च्या बाबतीत ती दहा टक्क्यांच्या आसपास असते. स्त्रियांमध्ये त्यावर गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका येतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सर्व रुग्णांपैकी सुमारे तीन टक्के रुग्णांत हा विकार असतो, म्हणजे तो दुर्मीळ म्हणून सोडून देण्याजोगा मुळीच नाही.

आजोबांविषयी थोडे सांगतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आपल्या खेड्यांत ‘पोटात गोळा झाला’, ‘पोट फुगून गेले’, ‘संडासवाटे रक्त जायचे’ अशाच शब्दांत मृत्यूची कारणे सांगितली जात. त्यातले आतड्याचे कर्करोग किती होते, हे आता कळायला मार्ग नाही. तरीही घरातील जुन्या माणसांना बसवून विचारा, की कोण कोणत्या वयात गेले, शस्त्रक्रिया झाली होती का, कोणत्या रुग्णालयात नेले होते. वडिलांच्या बाजूची तीन पिढ्यांची वंशावळ एका कागदावर काढून सोबत आणा. ॲमस्टरडॅम निकष म्हणून जे ओळखले जातात, त्यांत तीन जवळचे रुग्ण, दोन पिढ्या आणि निदान एक रुग्ण पन्नाशीच्या आतला, अशी अट आहे. आजोबांना आतड्याचाच कर्करोग होता असे निघाले, तर तुमचे कुटुंब ती अट पुरी करेल. मात्र या अटीत न बसणाऱ्या पुष्कळ कुटुंबांतही लिंच सिंड्रोम सापडतो, म्हणून आजोबांची माहिती न मिळाल्यास तपासणी सोडून देऊ नका.

या तपासणीची सुरुवात तुमच्या रक्तापासून न करता ज्यांना कर्करोग झाला त्यांच्यापासून करायची असते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे तुकडे पॅथॉलॉजी विभागात मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेले असतात. त्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. वडिलांची शस्त्रक्रिया जेथे झाली तेथे, आणि आत्याची जेथे झाली तेथे, ब्लॉक शिल्लक आहे का याची लेखी चौकशी करा. बायॉप्सीच्या अहवालावरील क्रमांक त्यासाठी लागतो. ब्लॉकवर ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ म्हणजे आयएचसी ही चाचणी केली, की वर सांगितलेल्या चार प्रथिनांपैकी एखादे गाठीत गायब आहे का, ते दिसते. चारही प्रथिने शाबूत असतील तर लिंच सिंड्रोमची शक्यता पुष्कळ कमी होते. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गायब असेल, तर ती बरीच वाढते. फक्त एमएलएच१ गायब असल्यास थोडे थांबावे लागते, कारण जन्मजात दोष नसतानाही, विशेषतः उतारवयात, हे जनुक निष्क्रिय होऊ शकते आणि ते ओळखण्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. त्यानंतर आत्याच्या रक्तातून जनुकीय तपासणी करावी. तिला स्वतःला कर्करोग झालेला असल्याने तिच्यात दोष सापडला, तर तोच एक बदल तुमच्यात आहे की नाही हे नेमके आणि कमी खर्चात पाहता येते. तिच्यात दोष सापडला आणि तुमच्यात तो नाही असे निघाले, तर तुमचा धोका जवळजवळ इतरांसारखाच धरता येईल. परंतु सुरुवातच तुमच्या रक्तापासून केली आणि काही सापडले नाही, तर त्या ‘नाही’चा अर्थ लावता येत नाही, घरात दोष आहे पण तुमच्यात आला नाही, की जो आहे तो या चाचणीला दिसलाच नाही, हे कोणी सांगू शकणार नाही.

अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ अशी नोंद आली, तर घाबरू नका आणि तिच्या आधारावर कोणतीही शस्त्रक्रियाही करू नका. जनुकांची जगातील माहिती आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून जमलेली असल्याने, भारतीय रुग्णांमध्ये असे बदल अधिक आढळतात, आणि त्यांतले बहुतेक पुढे निरुपद्रवी ठरतात. अहवाल समजावून घेण्यासाठी जनुकीय समुपदेशकाची भेट अवश्य घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

तुम्हाला बहीण असेल, चुलत-आत्तेभावंडे असतील, तर त्यांना हे सांगायला हवे. घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून हा विषय कोणाकडे काढायचा नाही, असे मला अनेक कुटुंबांनी सांगितले आहे, आणि त्यामागची भीती मी समजू शकतो. पण त्या मुलीला गर्भाशयाचा कर्करोग होऊ शकतो आणि पाळीव्यतिरिक्त होणाऱ्या रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करू नये, हे तिला माहीत असणे हा तिचा अधिकार आहे. ती माहिती तिच्यापासून दडवणे हे तिच्या हिताचे कधीच ठरत नाही.

लिंच सिंड्रोम सिद्ध झाला तर कोलोनोस्कोपी दर एक ते दोन वर्षांनी करावी लागेल. फिनलंडमध्ये हेइक्की यार्विनेन यांनी २००० साली २५२ व्यक्तींचा १५ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात दर तीन वर्षांनी तपासणी केलेल्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी होते. मात्र पुढच्या संशोधनातून हेही दिसले, की नियमित तपासणी करूनही या लोकांपैकी काहींना कर्करोग होतोच, कारण काही कर्करोग पॉलिपची पायरी न चढता सपाट अस्तरातूनच उगवतात. तपासणीचा लाभ असा, की ते बहुधा लहान असताना सापडतात आणि बरे होतात. शिवाय अशा गाठींत चुका साचलेल्या असल्याने रोगप्रतिकारशक्तीला त्या परक्या म्हणून ओळखता येतात. त्यामुळे प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी औषधे त्यांच्यावर असाधारण परिणाम करतात. नेदरलँड्समधील ‘निश-२’ या संशोधनात शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडेच ही औषधे दिली गेली आणि ६८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या आतड्यात जिवंत कर्करोग उरलेलाच नव्हता; हे निष्कर्ष २०२४चे आहेत. तुमच्या वडिलांच्या काळी हे उपलब्ध नव्हते.

लिंच सिंड्रोम नाही असे ठरले आणि पहिली कोलोनोस्कोपी निर्दोष निघाली, तर दर पाच वर्षांनी ती पुन्हा करणे पुरेसे आहे. जनुकीय तपासणीला दोन-तीन महिने लागणार असतील, तर तोवर पहिली कोलोनोस्कोपी लांबवू नका.

कोलोनोस्कोपी कोण आणि कशी करतो, याने फार मोठा फरक पडतो, आणि रुग्ण हे क्वचितच विचारतात. पोलंडमधील मिखाल कामिन्स्की यांनी २०१०मध्ये, आणि कॅलिफोर्नियातील डग्लस कॉर्ली यांनी २०१४मध्ये दाखवले, की ज्या डॉक्टरांना अडिनोमा अधिक सापडतात त्यांच्या रुग्णांना पुढे कर्करोग कमी होतात. कॉर्लींच्या अभ्यासात अडिनोमा सापडण्याचे प्रमाण एक टक्क्याने वाढले की नंतरच्या कर्करोगाचा धोका तीन टक्क्यांनी घटत होता. म्हणून अहवालात दुर्बीण अंधांत्रापर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत पोचल्याचे छायाचित्र आहे का, आतडे किती स्वच्छ होते याची नोंद आहे का, आणि दुर्बीण बाहेर काढताना निदान सहा मिनिटे पाहणी केली का, हे विचारा. लिंच सिंड्रोमची शंका असताना उजवी बाजू नीट दिसणे विशेष महत्त्वाचे आहे, आणि तीच बाजू अर्धवट साफ केलेल्या पोटात झाकली जाते. जुलाबाचे द्रावण निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे त्याच दिवशी पहाटे घ्यावे. सगळे आदल्या रात्री संपवले, की सकाळपर्यंत लहान आतड्यातून पित्त आणि स्राव उतरून उजवी बाजू पुन्हा माखते. तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, काकडी, तीळ, शेंगदाणे आणि पालेभाज्या बंद ठेवा, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आठवडाभर आधी थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारा. तपासणीत आतड्याला छिद्र पडण्याचा धोका आहे, पण तो साधारण हजार-दोन हजार तपासण्यांमागे एखादा इतका कमी आहे. पॉलिप काढल्यावर रक्तस्राव होण्याचे प्रमाण त्याहून थोडे अधिक असते.

शौचाच्या चाचणीचा मी सर्वसाधारण लोकांसाठी पुरस्कर्ता आहे. अमेरिकेतील मिनेसोटात ४६,५५१ लोकांवर झालेल्या संशोधनात दर वर्षी शौचातील सुप्त रक्त तपासल्याने या कर्करोगाचे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी घटले होते. आताची ‘फिट’ ही चाचणी फक्त मानवी हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे आहाराचे पथ्य लागत नाही. स्पेनमध्ये २०२५ साली जाहीर झालेल्या ‘कोलॉनप्रेव्ह’ संशोधनात, दर दोन वर्षांनी फिट करण्याचे निमंत्रण हे एकदा कोलोनोस्कोपीच्या निमंत्रणापेक्षा मृत्यू टाळण्यात कमी ठरले नाही. पण फिट कर्करोग शोधते. पॉलिप ती बहुतांशी चुकवते, आणि तुम्हाला तर कर्करोग होण्याआधीच पॉलिप काढून टाकायचा आहे. रक्ताच्या नव्या चाचणीचेही तसेच: २०२४च्या संशोधनात तिने ८३ टक्के कर्करोग ओळखले, पण कर्करोगाआधीच्या मोठ्या गाठी अवघ्या १३ टक्के. तुमच्यासाठी या दोन्ही चाचण्या अपुऱ्या आहेत. आणि तपासणीची तारीख येण्याआधी शौचावाटे रक्त गेले, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली किंवा रक्तक्षय निघाला, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम लावत बसू नका. आपल्याकडे या कर्करोगाचे जे रुग्ण उशिरा येतात, त्यांतले कितीतरी आधी काही महिने मूळव्याधीचे उपचार घेऊन आलेले असतात.

शेवटचा प्रश्न ॲस्पिरिनचा. ब्रिटनमधील जॉन बर्न यांनी चालवलेल्या ‘कॅप-२’ या संशोधनात लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ व्यक्तींना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग ॲस्पिरिनच्या गटात सुमारे ९ टक्के आणि दुसऱ्या गटात १३ टक्के लोकांना झाला, आणि हा फरक उपचार सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी दिसू लागला. म्हणजे लिंच सिंड्रोम असणाऱ्यांसाठी तुम्ही ऐकले ते खरे आहे. ते सर्वांना लागू नाही: सत्तरीच्या पुढच्या, सर्वसाधारण धोका असलेल्या १९,११४ लोकांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झालेल्या ‘ॲस्प्री’ संशोधनात ॲस्पिरिनचा लाभ तर दिसला नाहीच, उलट गंभीर रक्तस्राव वाढले. तेव्हा आत्याचा आणि तुमचा अहवाल येईपर्यंत ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका. लिंच सिंड्रोम निघाला, तर तुमचे वजन, रक्तदाब, मूत्रपिंडांची स्थिती आणि जठरात पूर्वी कधी अल्सर झाला होता का, हे पाहून मात्रा ठरवता येईल, आणि कोलोनोस्कोपी तेव्हाही ठरल्या वेळीच करावी लागेल, कारण कॅप-२मध्ये ॲस्पिरिन घेणाऱ्यांचीही ती तपासणी चालूच ठेवलेली होती.